तलावाच्या तळाचा पृष्ठभाग: चार पद्धती, चार घनफळं. कोणतं धरायचं?

तलावमोजणी · १९ मे, रात्री ९.१२

हिंगण्याकडच्या एका सिंचन तलावातून किती गाळ काढावा लागेल, त्याचं घनफळ हवं आहे. तलाव १२ हेक्टरचा. सध्या ७ हेक्टर पाण्याखाली, बाकी तळ उघडा पडलाय.

उघड्या भागावर ६ मे रोजी ड्रोन उडवला. कॅमेरा सरळ खाली, जमिनीवर ६ कंट्रोल पॉइंट (जागा आणि उंची नेमकी मोजलेल्या खुणा), सगळे पाळीवर आणि काठावर. पाण्याखालचा भाग १५ मे रोजी बोटीवरून इकोसाउंडरने (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राने) मोजला. ओळी उत्तर-दक्षिण, दोन ओळींत २० मीटर, आणि ओळीवर दर अर्ध्या मीटरला एक बिंदू. सगळं यूटीएम ४४ उत्तर या मीटरमधल्या नकाशा-प्रणालीत, ईपीएसजी कोड ३२६४४.

ठरलेल्या तळपातळीच्या वरचा गाळ असा येतो:
टिन (बिंदू त्रिकोणांनी जोडून): १,४६,२०० घनमीटर
आयडीडब्ल्यू (जवळच्या बिंदूला जास्त वजन देऊन सरासरी): १,३९,८००
क्रिगिंग (अंतरानुसार उंची किती बदलते ते पाहून अंदाज): १,४४,९००
पॉइसाँ मेश (बिंदूंवर बसवलेली अखंड त्रिमितीय जाळी): १,६१,०००

टिन आणि आयडीडब्ल्यूमध्येच ६,४०० घनमीटरचा फरक, म्हणजे २,२६० ब्रास. शिवाय मेशमध्ये पाळीच्या उतारावर १२-१३ सेंटिमीटरच्या नीट आखल्यासारख्या पायऱ्या दिसतात. पाळ पूर्व-पश्चिम आहे, उतार १:२. प्रत्यक्षात तिथे पायऱ्या नाहीत, साधं दगडी पिचिंग आहे. कोणती पद्धत बरोबर मानायची?

---

शून्यमैल · १९ मे, रात्री १०.०५

आधी पायऱ्यांचं बोलू, त्याचं कारण तुमच्या आकड्यांतच आहे. पायरीची उंची साडेबारा सेंटिमीटर, उतार १:२, म्हणजे नकाशावर पायरीची रुंदी २५ सेंटिमीटर. बिंदू कुठेतरी सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत, साठवले गेलेत.

३२ बिटांच्या फ्लोटमध्ये मूळ आकड्याच्या वाट्याला २४च बिट येतात. तुमचं नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं मीटरमधलं अंतर, २३ लाख ३० हजारांच्या आसपास असणार. दोनाचा एकविसावा घात, म्हणजे २०,९७,१५२, ओलांडला की फ्लोटमधल्या दोन लगतच्या संख्यांत पाव मीटरचं अंतर पडतं. मधली जागाच नाही. सगळे बिंदू २५-२५ सेंटिमीटरवरच्या ओळींवर गोळा होतात. ईस्टिंग (पूर्वेकडचं) मात्र २ लाख ९० हजारांच्या घरात आहे, तिथे हे अंतर ३.१२५ सेंटिमीटरच असतं आणि डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे पूर्व-पश्चिम पाळीवर पायऱ्या दिसतील, पण उत्तर-दक्षिण बांधावर दिसणार नाहीत. तपासून पाहा.

लॅस या बिंदूंच्या मूळ फाइलचा यात दोष नसतो, कारण ती स्केल आणि ऑफसेट लावून पूर्णांक साठवते. स्केल ०.००१ असेल तर मिलिमीटरपर्यंत नीट राहतं. घोळ होतो तो पीएलवाय किंवा तत्सम मेश फाइलमध्ये बाहेर काढताना. उपाय सोपा आहे. मेश करण्याआधी ईस्टिंगमधून २,९०,००० आणि नॉर्दिंगमधून २३,३०,००० वजा करा, काम झालं की परत मिळवा. क्लाउडकंपेअर (बिंदू हाताळायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडताना ग्लोबल शिफ्ट (हीच वजाबाकी) विचारतो तो यासाठीच, त्याला 'नको' म्हणू नका. आणि आता असलेल्या पीएलवायमध्ये शिफ्ट लावून उपयोग नाही. गेलेले आकडे परत येत नाहीत, लॅसपासून पुन्हा करावं लागेल.

---

तलावमोजणी · १९ मे, रात्री १०.३१

तपासलं. बाजूचा उत्तर-दक्षिण बांध अगदी गुळगुळीत आहे. पीएलवायमधूनच मेश केली होती. लॅसपासून परत करतो.

---

पाणीपातळी · २० मे, सकाळी ७.४८

पद्धतीवर येण्याआधी तारखा बघा भाऊ. ड्रोन ६ मेचा, बोट १५ मेची. मधे नऊ दिवस गेले, तेही नागपूरच्या मे महिन्यातले. इथे या दिवसांत उघडं पाणी बाष्पीभवनानेच दिवसाला सेंटिमीटरच्या घरात उतरतं. कालव्याला किंवा मोटारीने पाणी सोडलं असेल तर त्याहून जास्त.

इकोसाउंडर तळाची पातळी देत नाही, खोली देतो. पाण्याच्या पातळीतून खोली वजा केली की तळ मिळतो. तुम्ही पाण्याची पातळी ड्रोनच्या ऑर्थोवरून (फोटो जोडून केलेल्या नकाशावरून), म्हणजे ६ मेची घेतली असेल, तर तळ ९ सेंटिमीटर वर येऊन बसला. ७ हेक्टरवर ९ सेंटिमीटर म्हणजे ६,३०० घनमीटर जादा गाळ. तुमच्या टिन आणि आयडीडब्ल्यूमधला सगळा फरकही जवळपास एवढाच आहे! आणि ही चूक चारही पद्धतींत सारखी बसलेली असल्याने त्यांची आपसात तुलना करून ती कधीच सापडणार नाही.

पडताळा असा घ्या. पाण्याच्या कडेला जिथे दोन्ही डेटा भेटतात, तिथे आडवा छेद काढा. ठरावीक उंचीची पायरी दिसली तर तोच फरक. सांडव्यापाशी गेज पट्टी असेल तर दोन्ही दिवसांचं वाचन मिळवा. नसेल तर पाळीच्या पिचिंगवर ओल्या रेषेच्या खुणा असतात, त्या आरटीकेने (सेंटिमीटरभर अचूक जीपीएसने) मोजा.

आणखी एक, ट्रान्सड्यूसर (इकोसाउंडरचा ध्वनी सोडणारा भाग) पाण्यात किती बुडालेला होता? २०-३० सेंटिमीटरचा हा आकडा यंत्रात टाकायचा राहून जातो आणि मग तळ तेवढाच वर दिसतो. ध्वनीच्या वेगाची फार काळजी नको. ३० अंशाच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला १,५०९ मीटर असतो. यंत्रात १,५०० ठेवलेला असला तरी ३ मीटर खोलीवर जेमतेम २ सेंटिमीटर फरक पडतो. बार चेक (ठरलेल्या खोलीवर पट्टी धरून यंत्राची तपासणी) केला असेल तर तोही निघून जातो.

---

शून्यमैल · २० मे, सकाळी ८.२०

वरच्यात भर. ड्रोनची उंची एलिप्सॉइडवरची (जीपीएसच्या गणिती पृथ्वीवरची) आहे की समुद्रसपाटीची? आपल्याकडे जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, एलिप्सॉइडच्या पन्नास मीटरांहून जास्त खाली आहे, म्हणून शहरात ३१० मीटरच्या जागी अडीचशेच्या आसपास आकडा दिसतो. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते. घात करतो तो लहान फरक, म्हणजे ड्रोनला एक जिऑइड मॉडेल आणि बोटीला दुसरं लागलेलं असतं तो. दोन्हींना एकच स्थानिक बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) द्या. जुना बेंचमार्क घेत असाल तर एकक बघा. नागपूरच्या झिरो माइलपाशी १९०७च्या जीटीएस (जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या) बेंचमार्कची उंची १०२०.१७१ फूट दिली आहे, म्हणजे ३१०.९५ मीटर. जुन्या नोंदी अशाच फुटांत असतात.

---

समोच्च · २० मे, दुपारी १.१५

आता पद्धतींकडे. तुमच्या डेटाचा आकार बघा: ओळीवर अर्धा मीटर, ओळींमध्ये २० मीटर. दाटी चाळीस पट वेगळी. आयडीडब्ल्यूला 'जवळचे १२ बिंदू घे' म्हटलं की दोन ओळींच्या अगदी मधोमध सोडून सगळीकडे ते बाराही बिंदू एकाच ओळीतले येतात. मग मधल्या पट्ट्यात तळ त्या ओळीच्या सरासरीवर सपाट राहतो आणि अर्ध्या अंतरावर एकदम दुसऱ्या ओळीच्या पातळीवर उडी मारतो. हिलशेड (उजेड-सावलीचा नकाशा) काढा, शेतातल्या सऱ्यांसारखे पट्टे दिसतील. ते तळावर नाहीत, गणितात आहेत.

दोन गोष्टी करा. ओळीवरचे बिंदू विरळ करा, दर ५ मीटरला एक, पण उचलून नव्हे, त्या ५ मीटरांचं मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेऊन. आणि शोध चार किंवा आठ दिशांत वाटा, प्रत्येक दिशेतून जास्तीत जास्त २-३ बिंदू. म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओळींना बोलायला मिळेल.

क्रिगिंगमध्ये सॉफ्टवेअरने आपोआप काढलेला व्हेरिओग्राम (अंतराप्रमाणे उंचीतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) घेतलात का? तलाव ताटासारखा असतो, कडेला उथळ आणि मधे खोल. हा कल काढून न टाकता व्हेरिओग्राम काढला तर तो वर वरच चढत राहतो, कुठे सपाट होत नाही. मग रेंज (फरक वाढायचा थांबतो ते अंतर) म्हणून तलावाच्या रुंदीएवढा आकडा येतो, त्याला अर्थ नाही. आधी दुसऱ्या घाताचा पृष्ठभाग बसवा, तो वजा करा, उरलेल्या फरकांवर व्हेरिओग्राम काढा, किंवा सरळ युनिव्हर्सल क्रिगिंग (कल धरूनच चालणारं) करा. लॅगची (दोन बिंदूंच्या जोडीतल्या अंतराची) कमाल मर्यादा तलावाच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंतच ठेवा. प्रत्येक लॅगमध्ये निदान ३० जोड्या हव्यात. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन वेगळे व्हेरिओग्राम काढून पाहा. पूर्व-पश्चिमचा पहिला लॅग २० मीटरवरच सुरू होतो, कारण त्याहून जवळच्या जोड्याच नाहीत, त्यामुळे नगेट (शून्याजवळच्या अंतरालाही उरणारा फरक) उत्तर-दक्षिणवरूनच घ्यावा लागेल. जुना नाला तलावाच्या पोटातून गेला असेल तर त्या दिशेने रेंज लांब येईल. ते खरं आहे, ते ठेवा.

आणि क्रॉस-व्हॅलिडेशन एकेक बिंदू वगळून करू नका. वगळलेल्या बिंदूचा शेजारी अर्ध्या मीटरवर बसलेला असतो, चूक दोन सेंटिमीटर दिसते आणि सगळे खूश. अख्खी ओळ वगळा, शेजारच्या ओळींवरून तिचा अंदाज घ्या, अशा सगळ्या ओळी एकामागून एक. त्यात अंतर २० ऐवजी ४० मीटर होतं, म्हणून खरी चूक यापेक्षा थोडी कमी असेल, पण आकडा प्रामाणिक येतो. पद्धत निवडायची तर याच आकड्यावर.

---

जाळी · २० मे, दुपारी ३.४०

पॉइसाँचा १,६१,००० सोडूनच द्या. ती पद्धत बंद आकारांसाठी आहे. प्रत्येक बिंदूचा नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) बाहेर तोंड करून आहे असं धरून ती आतलं-बाहेरचं ठरवते, आणि जिथे बिंदू नाहीत तिथेही पृष्ठभाग ओढून नेते. तुमच्या तलावात ड्रोन आणि बोट यांच्यामधला उथळ पट्टा रिकामा आहे, तिथे तिने फुगा केला असणार. मेशचं घनता फील्ड रंगवून बघा, फुगलेला भाग सगळा कमी घनतेचा दिसेल. तो छाटता येतो, पण छाटल्यावर तिथे भोकच उरतं.

पॉइसाँच्या डेप्थचाही (डबा किती बारीक घरांत चिरायचा त्या सेटिंगचा) हिशेब करा. ५०० मीटरचा तलाव, १.१ स्केलने ५५० मीटरचा डबा. डेप्थ १० ला एक घर ५४ सेंटिमीटरचं, १२ ला १३ सेंटिमीटरचं. डेप्थ ८ वर राहिलात तर दोन मीटरहून मोठं घर, पाळीचा माथा गोल झालाच म्हणून समजा.

एका (ईस्टिंग, नॉर्दिंग)ला एकच उंची असेल तिथे त्रिमितीय मेशची गरज नाही, टिन किंवा ग्रिड पुरतं. पॉइसाँ खरी उपयोगाची जिथे पृष्ठभाग स्वतःवर वळतो तिथे: विमोचकाची विहीर, सांडव्याची आत गेलेली दगडी भिंत, काठावरचं देऊळ. तेवढा तुकडा वेगळा काढून त्यावर चालवा. नॉर्मल आधी एका दिशेला लावून घ्या, निम्मे उलटे राहिले तर मेशला दोन कातडी येतात.

---

काळीमाती · २० मे, रात्री ८.५५

राजेहो, उघड्या भागाचंही पाहा नं. ड्रोनचे बिंदू म्हणजे जमीन नव्हे. आपल्या तलावांच्या काठाला बेशरम किती दाट असते ते माहीतच आहे. फोटोवरून केलेल्या बिंदूंना बेशरमीच्या शेंड्यांखालचं काहीच दिसत नाही, त्यामुळे ग्राउंड फिल्टर (जमिनीचे बिंदू वेगळे काढणारा) कितीही घासला तरी खालची जमीन निघणार नाही, कारण ती डेटात नाहीच. तो भाग पॉलिगॉन करून रिकामा करा आणि आत शिरून पोलने १०-१० मीटरवर बिंदू घ्या. फिल्टरने मधले चारदोन खालचे बिंदू 'जमीन' ठरवले की वाटतं काम झालं, पण ते बहुतेक खालच्या फांद्यांचे असतात.

मोकळ्या जागी कापड-फिल्टर, म्हणजे सीएसएफ, चालेल. कापडाचं घर १ मीटर, उंबरठा मूळचा ०.५ असतो तो ०.१ वर आणा, नाहीतर गुडघाभर गाजरगवत जमिनीत जमा होतं. पीडॅल सॉफ्टवेअरचा एसएमआरएफ फिल्टर वापरत असाल तर स्लोप मूळचा ०.१५ असतो. पाळीचा उतार १:२, म्हणजे ०.५. त्या सेटिंगवर पाळीचा माथा 'इमारत' म्हणून कापला जाण्याची भीती आहे. पाळ वेगळ्या तुकड्यात, वेगळ्या सेटिंगने करा.

आता मुख्य मुद्दा. उघडा पडलेला तळ काळ्या मातीचा आहे ना? मे महिन्यात तिला चार-पाच बोटं रुंद भेगा पडतात. बहुतेक फिल्टर सगळ्यात खालचा बिंदू पकडतात, आणि इथे खालचा बिंदू भेगेतला असतो. बिंदूंच्या ढगाचा आडवा छेद मोठा करून पाहा: वर सपाट पापुद्रा, आणि मधेमधे खाली लोंबणारे बिंदूंचे धागे. फिल्टर ते धागे धरतो आणि अख्खा पृष्ठभाग काही सेंटिमीटर खाली बसतो. ५ हेक्टरवर ३ सेंटिमीटर म्हणजे १,५०० घनमीटर. म्हणून आधी एकटे पडलेले खालचे बिंदू काढा आणि ग्रिड करताना घराचं किमान न घेता मीडियन घ्या. कंट्रोल पॉइंटही काळ्या मातीवर ठोकू नका, ती उन्हात आकसते आणि पावसात फुगते. मुरूम, खडक किंवा काँक्रीट शोधा.

---

तलावमोजणी · २१ मे, सकाळी १०.१०

समजलं. दोन प्रश्न. उथळ पट्ट्याचं काय करू? बोट ७०-८० सेंटिमीटरच्या आत जात नाही, आणि ड्रोनला पाण्यातलं दिसत नाही. आणि सहाही कंट्रोल पॉइंट कडेला असल्याने काय बिघडेल?

---

पाळवाला · २१ मे, सकाळी ११.३०

उथळ पट्टा पायी मोजायचा, दुसरा मार्ग नाही. आरटीके पोलच्या टोकाला १२-१५ सेंटिमीटरची चकती लावा. नुसतं टोक गाळात हातभर शिरतं आणि कोणत्या थराला लागलं ते कळत नाही. काठापासून आत सरळ रेषा, दोन रेषांत १५-२० मीटर, प्रत्येकीवर साधारण २०, ५० आणि ८० सेंटिमीटर पाण्यात एकेक वाचन. बोटीच्या ओळींना निदान थोडं ओलांडा, म्हणजे चकती आणि इकोसाउंडर एकाच जागी काय देतात ते कळेल. २०० किलोहर्ट्झची लहर मऊ गाळाच्या वरच्या पातळीवरूनच परतते, चकती थोडी दबते. दोघांत स्थिर फरक आला तर तो लिहून ठेवा, मिटवू नका.

पाण्याची कड ही फुकटची समोच्च रेषा आहे. ऑर्थोवर ती गिरवा, तिला ६ मेची पातळी द्या, टिनमध्ये ब्रेकलाइन (त्रिकोणांनी ओलांडायची नाही अशी रेषा) म्हणून टाका. मात्र आतले पायी बिंदू नसताना टाकलीत तर खाडीसारख्या वळणांत त्रिकोणाची तिन्ही टोकं त्याच रेषेवर पडतात आणि पूर्ण सपाट त्रिकोण तयार होतात.

बाकी ब्रेकलाइन: पाळीच्या माथ्याच्या दोन्ही कडा, पाळीचा पायथा, सांडव्याची कड, आणि पोटातल्या जुन्या नाल्याचा तळ. डेलॉनेला (टिनचे त्रिकोण जोडणाऱ्या पद्धतीला) पाळ कळत नाही. माथ्यावर बिंदू विरळ असले की तो माथा ओलांडून या उतारावरचा बिंदू त्या उतारावरच्या बिंदूला जोडतो आणि पाळीला खिंड पडते. बाहेरच्या सीमेला पॉलिगॉन लावा आणि त्रिकोणाच्या बाजूची कमाल लांबी ४० मीटर ठेवा, बोटीच्या ओळींच्या दुप्पट. चारही पद्धतींना सीमा तीच द्या. तुमच्या आकड्यांतला काही फरक नुसत्या वेगवेगळ्या सीमांचा असू शकतो.

कंट्रोल पॉइंटचं गंभीर आहे. कॅमेरा सरळ खाली आणि पॉइंट फक्त कडेला असले की लेन्सच्या स्वयंकॅलिब्रेशनमधली चूक मधोमध घुमटासारखी किंवा वाटीसारखी वर-खाली निघते. कडेच्या पॉइंटवर चूक शून्याजवळ, मधे मात्र १०-१५ सेंटिमीटर सहज. तलाव स्वतःच वाटीसारखा असल्याने डोळ्यांना संशयही येत नाही. उघड्या तळावर आत ४-५ पॉइंट घ्या. ते कंट्रोलमध्ये न घालता आधी तपासणीसाठी वापरा. मधे एकाच दिशेची चूक आली तर उड्डाण परत करा, कॅमेरा २०-३० अंश तिरका ठेवून दोन आडव्या ओळी वाढवा.

---

तलावमोजणी · २९ मे, सायंकाळी ६.२०

सगळं परत केलं. गेज पट्टीवर दोन दिवसांतला फरक ११ सेंटिमीटर निघाला, एकट्या त्याने ७,७०० घनमीटर गेले. आतल्या ५ तपासणी पॉइंटांवर ड्रोन सरासरी ४ सेंटिमीटर वर होता, तिरक्या फोटोंनंतर १ वर आला. उथळ पट्ट्यात ६२ पायी बिंदू घेतले, चकती इकोसाउंडरपेक्षा सरासरी ६ सेंटिमीटर खाली. सीमा एकच, ग्रिड १ मीटर.

टिन, ब्रेकलाइनसह: १,३७,९००
युनिव्हर्सल क्रिगिंग: १,३७,१००
आयडीडब्ल्यू, आठ दिशांत: १,३६,६००

ओळ वगळून तपासलं तेव्हा क्रिगिंग सगळ्यात कमी चुकलं, म्हणून तेच धरतोय. पण एकच आकडा द्यायचा की कमी-जास्तही सांगायचं?

---

समोच्च · २९ मे, रात्री ९.०५

कमी-जास्त सांगाच, पण प्रत्येक घराची क्रिगिंग एरर बेरजेत टाकून नको. शेजारच्या घरांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्या सुट्या धरल्या तर मर्यादा फसवी अरुंद येते. त्याच व्हेरिओग्रामवर सिक्वेन्शियल गॉसियन सिम्युलेशनने (डेटाला धरून वेगवेगळे शक्य पृष्ठभाग काढणाऱ्या पद्धतीने) १०० पृष्ठभाग काढा, प्रत्येकाचं घनफळ काढा, ५व्या आणि ९५व्या क्रमांकाचे आकडे द्या. त्याच्या खाली वेगळ्या ओळीत पातळीची चूक लिहा: बेंचमार्कमध्ये १ सेंटिमीटर असेल तर १२ हेक्टरवर १,२०० घनमीटर. सिम्युलेशनमध्ये ती येत नाही.

---

काळीमाती · २९ मे, रात्री ९.४०

आणि हे घनफळ जागेवरचं आहे, असं ठळक लिहा. खणलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, टिपरमध्ये २०-३० टक्के जास्त भरतो. टिपरच्या खेपा मोजून कोणी ताळा करायला आला तर आकडा जुळणार नाही आणि दोष मोजणीवर येईल. खणण्याआधी आणि नंतर, दोन्ही पृष्ठभाग त्याच सीमेत, त्याच ग्रिडवर, त्याच बेंचमार्कवरून काढा आणि वजाबाकी करा. पावसाआधी दुसरं उड्डाण व्हायला हवं, नाहीतर काळी माती फुगल्यावरचे चार-पाच सेंटिमीटर 'न काढलेला गाळ' म्हणून दिसतील.

---

तलावमोजणी · ३० मे, सकाळी ८.०२

दुसरं उड्डाण १० जूनच्या आत ठेवतो. बेंचमार्क सांडव्याच्या काँक्रीटवर कोरून घेतलाय, बोट आणि ड्रोन दोन्ही तिथूनच.